निळ्या फ्रॉकची तीन मापं

माप द्यायला उभा राहिलेला माणूस पोट आत ओढतो, हे मास्टरांना वीस वर्षांच्या शिवणकामातून पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते कंबर दोनदा मोजत. पहिल्यांदा मुकाट्याने मोजत आणि तो आकडा लिहीतच नसत. मग टेप तशीच कमरेभोवती ठेवून विचारत, "काय, सासूबाई बऱ्या आहेत ना?" माणूस सुस्कारा सोडी, पोट मूळ पदावर येई आणि मास्टर खरा आकडा वहीत टिपून घेत.

दुकान जिन्याखालचं होतं. एक मशीन, कापड बेतायचं एक टेबल, इस्त्री, आणि वर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पावलांचा आवाज. टेबलाखाली एक जुनी गोधडी अंथरलेली असे. तिच्यावर दुपारी बारापासून पाचपर्यंत मास्टरांची मुलगी बसे. तिची आई औषधांच्या गोदामात पॅकिंगवर देखरेख करायची. दहाच्या पट्टीत दहाच गोळ्या आहेत ना, खोक्यात वीसच पट्ट्या आहेत ना, हे पाळीभर बघायचं काम. सकाळी मुलीला ती बघे, दुपारी मास्टर.

मुलगी जन्मली तेव्हा सव्वादोन किलोची होती. ओंजळीत मावेल अशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणू लागले आणि चिमणीची झाली चिमी. पहिले सहा महिने ती दूध ओढायची नाही. तिच्या आईने ते दिवस चमचे मोजून काढले. आज अकरा, काल नऊ. पण वर्षाची झाली आणि चिमीला भूक सापडली. उकडलेला बटाटा, अंडं, वाटीभर भात, वर केळं, आणि एवढं झाल्यावर रिकामी वाटी दोन्ही हातांनी पुढे धरून ती म्हणे, "अजू."

सुरुवातीला घरात आनंदीआनंद होता. समोरचा बटणवाला येता-जाता विचारायचा, "मास्टर, कन्या आहे की कोठार?" मास्टर हसत. चिमीची आईही हसे.

हसू बंद पाडलं ते चिमीच्या मावशीने. मावशी आपली दोन मुलं घेऊन आली होती. तिची मुलं ताटावर बसून चिवचिव करत होती. एकाला हे नको, दुसऱ्याला ते नको. चिमीने आपलं संपवलं, मग उठून मावसभावाच्या ताटापुढे जाऊन बसली आणि त्याचंही संपवलं. त्या वेळी ती बावीस महिन्यांची होती.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "माझी दोघं मिळून एवढं खात नाहीत. हिला आवर घाल हो. लहानपणी गोड दिसतं, मग दारातून आत घ्यायला सुतार बोलवावा लागतो."

"तिची भूकच आहे तशी, ताई."

"भूक नसते गं, सवय असते. आपण लावू तशी."

मावशी गेली, वाक्य राहिलं. चिमीच्या आईने नवी वाटी आणली, आधीच्या वाटीच्या निम्मी. घरात वजनकाटा नव्हता, पण निळा ठिपक्यांचा फ्रॉक होता. मास्टरांनी शिवलेला, अंगाला नीट बसणारा. तोच तिने माप म्हणून धरला. दर रविवारी आंघोळीनंतर चिमीला तो घालायचा आणि काखेत बोट सरकतंय का बघायचं. एका रविवारी बोट सरकलं नाही.

"घट्ट झाला," ती म्हणाली. "बघा, मावशी म्हणत होती ते खोटं नाही. रात्रीचं केळं बंद."

"अगं, मूल आहे. वाढणारच."

"वाढणं वेगळं आणि सुटणं वेगळं. तुम्हाला कळत नाही का? सगळ्या जगाची पोटं मोजता."

त्या आठवड्यात चिमी चमचा वाटीवर आपटत बसायची. रडण्यात राग नसे, नुसतं आश्चर्य असे; कालपर्यंत मिळत होतं ते आज का नाही, एवढंच. आई तोंड फिरवून भांडी घासायला घ्यायची. मास्टर मात्र दुकानाचं निमित्त काढून लवकर निघत.

शनिवारी दुपारी, चिमी गोधडीवर झोपलेली असताना, त्यांनी निळा फ्रॉक टेबलावर उलटा पसरला. मुलांच्या कपड्यात शिलाईच्या आत जादा कापड सोडायचं, ही धंद्यातली रीत. शिंपी त्याला दाब म्हणतात. मास्टरांनी दोन्ही बाजू उसवल्या, अर्धं बोट दाब सोडला, पुन्हा शिलाई मारली. जुन्या टाक्यांच्या खुणा ओल्या फडक्याने चोळून इस्त्रीखाली बसवल्या. अर्ध्या तासाचं काम. रविवारी आईचं बोट काखेत सहज गेलं.

"बघा!" ती म्हणाली. चेहरा एवढा मोकळा झाला होता की मास्टरांनी मान खाली घातली. "फरक पडतोय. आता हेच चालू ठेवायचं."

हे त्यांनी धरलंच नव्हतं. त्यांचा हिशेब असा की फ्रॉक सैल झाला की केळं परत येईल. झालं उलटंच. उपाय लागू पडला म्हटल्यावर तो थांबवतो कोण? वाटी निम्मी ती निम्मीच राहिली.

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण पहिलं खोटं तोंडाने बोललं गेलं नव्हतं, हाताने शिवलं गेलं होतं. त्यामुळे मास्टरांना ते खोटं वाटतच नव्हतं. आपण फक्त एक शिलाई सरकवली, असं ते स्वतःला सांगत. दीड महिन्याने त्यांनी उरलेला दाब सोडला आणि खालची दुमड उलगडली. मग दाब संपला.

दाब संपल्यावर माणूस शहाणा होतो. मास्टर झाले नाहीत. त्याच ठिपक्यांच्या कापडाचा तुकडा दुकानात शिल्लक होता. त्यांनी तस्सा फ्रॉक नवा बेतला, सगळीकडून बोटभर मोठा. बटणं जुन्यावरची काढून लावली. नवेपणा जावा म्हणून कापड सोड्याच्या पाण्यात चार वेळा उकळलं आणि जिन्यात वाळवलं. बटणवाल्याने विचारलं, "मास्टर, नवं कापड जुनं करायला लागलात? लोक उलटं करून घेतात."

"गिऱ्हाइकाची हौस," मास्टर म्हणाले.

बाकीचे दोन फ्रॉक आणि इलॅस्टिकच्या चड्ड्याही त्यांनी अशाच गुपचूप वाढवल्या. चपला लहान झाल्या तेव्हा आई म्हणाली, "पाय तेवढे वाढतायत." कडेवर चिमी जड लागे तेव्हा म्हणे, "मीच थकलेय." नवऱ्याच्या हातच्या कपड्यावर अविश्वास दाखवायचं तिच्या मनात कसं येणार?

दुपारी दुकानात मास्टर भरपाई करत. टेबलाच्या खणात बिस्किटांचा पुडा असे. चिमीने "अजू" म्हटलं की एक बिस्किट. ती कात्रीकडे सरकली की एक, मशीनच्या पायट्यावर बोट ठेवायला गेली की एक, गिऱ्हाईक आलं आणि ती मध्ये लुडबुडली की दोन. घरी बिचारीला पोटभर मिळत नाही, असं मास्टर मनाशी म्हणत आणि पुढची बाही जोडायला घेत. तोंड चालू असलं की चिमी गप्प असे, आणि ती गप्प असली की दुपारी तीन सदरे उरकत.

दुसऱ्या फ्रॉकनंतर तिसरा आला. आठ महिने गेले.

मग एका रविवारी चिमीच्या आईने काखेत बोट घातलं आणि तशीच बसून राहिली.

"अहो, हा फ्रॉक आठ महिने येतोय हिला."

"शिवलाय चांगला."

"तसं नाही. रुंदी सोडा, लांबीसुद्धा तेवढीच. गुडघ्याच्या वर दोन बोटं होता, अजून दोनच बोटं आहे. पोरगी सारखी भुकेली असते आणि वाढत नाहीये." तिने चिमीला जवळ ओढलं. "काहीतरी झालंय हिला."

मास्टर म्हणाले, "काही नाही झालं."

मंगळवारी तिने गोदामातून सुट्टी घेतली आणि तिघं मुलांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, बोलायला कमी. त्यांनी चिमीला काट्यावर बसवलं, मग भिंतीच्या पट्टीला उभं केलं. "उंची, वजन, दोन्ही वयाच्या मानाने जास्तच आहे," त्या म्हणाल्या. "मागचं कार्ड?"

"घर बदललं त्यात हरवलं."

"मग वाढ थांबली असं कशावरून म्हणता?"

चिमीच्या आईने फ्रॉकचं सांगितलं. रविवार, काखेतलं बोट, गुडघा, सगळं क्रमाने, गोदामात खोकी तपासावीत तसं. डॉक्टरीणबाई सगळं ऐकत होत्या.

"मुलं कपडे ताणून वापरतात. नीट आठवतंय ना तुम्हाला?"

"अहो डॉक्टर, हिचे बाबाच शिंपी आहेत. कपड्याच्या मापात आमच्या घरी चूक होत नाही."

डॉक्टरीणबाई मास्टरांकडे वळल्या. "खरं ना? आठ महिने एकच फ्रॉक, त्याच मापाचा?"

खोलीत पंखा फिरत होता. चिमी टेबलावरच्या लाकडी ठोकळ्याला दात लावून बघत होती. मास्टरांच्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, साक्ष काढावी तसं, विश्वासाने. खरं बोलायचं म्हणजे तिला परक्या बाईसमोर खोटं पाडायचं, असं मास्टरांनी स्वतःला समजावलं. खरं तर खोटे ते पडणार होते. त्यांनी मान हलवली. वर "हो" पण म्हणाले.

"मग बघावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढी भूक असताना उंची आठ महिने थांबली असेल, तर ते सोडून देता येत नाही. रक्त घेऊ या. आणि रिपोर्ट चांगला आला तरी मोठ्या रुग्णालयात पाठवीन. तिथे उपाशीपोटी अर्धा दिवस थांबवून चार-पाच वेळा रक्त घेतात."

चिमीला मांडीवर धरायचं काम मास्टरांकडे आलं. मापं घेणारे हात, म्हणून नर्सने त्यांनाच सांगितलं, "दंड घट्ट धरा, हलू देऊ नका." पहिल्या वेळी शीर सापडली नाही. सुई बाहेर आली आणि दुसऱ्या हातात गेली. चिमी आधी बापाकडे पाहत राहिली, मग ओरडली. तो दंड मुठीत धरताना मास्टरांना कळलं, मूठ पुरत नाही. पोरीचा दंड आठ महिन्यांत चांगला भरला होता. हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. त्यांनी धरून ठेवलं.

रिपोर्ट तीन दिवसांनी मिळणार होता.

बुधवारी सकाळी मास्टर दाढी करून बाहेर आले तर चिमीची आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात जुनी मोठी वाटी, भाताने शीग लावून भरलेली. चिमी खात होती आणि आई तिला एकेक घास भरवत होती. "घे गं. अजून घे." चिमीने तोंड वळवलं तरी हात पुढेच.

"बास झालं असेल तिला," मास्टर म्हणाले.

"नाही. आठ महिने मी उपाशी मारलं हिला. ताईचं ऐकलं आणि पोरीची वाढ खुंटवली." ती रडत नव्हती. रडली असती तर मास्टरांना सोपं गेलं असतं. "मोठ्या रुग्णालयात विचारतील ना, काय खायला देत होतात? काय सांगू? निम्मी वाटी?"

चिमीने वाटी ढकलली, भात सांडला. आई तो वेचू लागली, एकेक शीत.

मास्टर उठले आणि दुकानात गेले. चिंध्यांच्या पोत्यात तळाशी हात घातला. शिंप्याच्या हातून कापड फेकलं जात नाही. दोन्ही जुने फ्रॉक तिथेच होते. घरी येऊन त्यांनी ते जमिनीवर ठेवले, आणि दोरीवरचा तिसरा काढून शेजारी ठेवला. एकाच कापडाचे, एकाच ठिपक्यांचे तीन फ्रॉक. एकावर एक ठेवले तेव्हा खालचा सगळीकडून डोकावत होता.

चिमीच्या आईने पाहिलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग तिने सगळ्यात लहान फ्रॉक उलटा केला. बाजूच्या शिलाईशेजारी दोन जुन्या शिलाया उसवल्याची भोकं, ओळीने. तिने त्यांवरून नख फिरवलं.

"किती वेळा?"

"याच्यावर दोनदा. मग हा. मग हा."

"कशाला?"

"घट्ट झाला की तू खाणं कमी करायचीस."

"मग मला बोलायचं होतंत. भांडायचं होतंत. तोंड नव्हतं?"

मास्टरांनी वरच्या फ्रॉकची चुरगळलेली कड सरळ केली.

"फ्रॉकचं जाऊ दे," ती म्हणाली. अहोजाहो कधी सुटलं ते दोघांनाही कळलं नाही. "डॉक्टरांनी तुला विचारलं. मी तुझ्याकडे बघत होते. तू मान हलवलीस, आणि तिचा हात धरलास."

"हो."

"दोनदा टोचलं तिला."

"हो."

ती बराच वेळ फ्रॉकची घडी घालत राहिली, मोडत राहिली. गोदामात खोकं कमी भरलं की ती सगळी खोकी उघडून बघत असे. इथेही ती थांबली नाही.

"दुकानात काय देत होतास?"

"बिस्किटं."

"किती?"

"मोजली नाहीत."

"भूक लागायची तिला, म्हणून?"

इथे मास्टरांना "हो" म्हणता आलं असतं. तेच ते आठ महिने स्वतःला सांगत आले होते, आणि ते ऐकायला बरं होतं. दयाळू बाप, कडक आई. पण आदल्या दिवशीचं "हो" अजून जिभेवर होतं.

"कधीकधी भूक असायची," ते म्हणाले. "बऱ्याचदा नसायची. गप्प बसावी म्हणून द्यायचो. काम उरकायचं असायचं."

चिमीच्या आईने मान वर केली. राग उतरला नव्हता, पण त्यात आता या माणसाची ओळख पटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

त्याच दिवशी तिघं पुन्हा दवाखान्यात गेले. मास्टरांनी पिशवीतून फ्रॉक काढले आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं, बायकोने एक शब्दही न जोडता. बाहेर थांबलेल्या दोन बायका उघड्या दारातून ऐकत होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं.

डॉक्टरीणबाईंनी लहान आणि मोठा फ्रॉक एकमेकांवर धरून लांबीतला फरक पट्टीने मोजला, वहीत लिहिला. "म्हणजे वाढ व्यवस्थित आहे. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मी रद्द करते. रिपोर्ट तेवढा येऊ दे." मग चष्मा काढला. "मास्टर, मी खोटं पकडायला बसलेली नाही. आईबाप सांगतात त्यावर मी सुई उचलते. माझी सुई दोनदा गेली हिच्या हातात."

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? आणि बाई, तुम्हीही ऐका." त्या चिमीच्या आईकडे वळल्या. "या वयाची काही मुलं खूप खातात. उंच होणारं मूल जास्तच खातं. कधी आठवडाभर खाईल, मग चार दिवस तोंड लावणार नाही. तुम्ही काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं ते ठरवा. वेळा नेमक्या ठेवा, मध्ये चरणं नको. किती खायचं ते तिला ठरवू द्या. वाटी हिसकावू नका, आणि तिने तोंड वळवल्यावर घास कोंबूही नका. रडणं थांबवायला खाऊ द्यायचा नाही. गप्प बसवायला तर नाहीच नाही."

शेवटचं वाक्य त्या कोणाकडेही न बघता बोलल्या. मास्टरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"दुपारी दुकानात कंटाळली तर?" त्यांनी विचारलं.

"तर काम थांबवून तिच्याशी बोला. दोन सदरे कमी शिवा."

रिपोर्ट चांगला आला. घरात मोठी वाटी परतली, तिच्यातलं किती संपवायचं ते चिमीवर सोडून. पहिले काही दिवस ती इतकी खायची की आईचे हात आपोआप वाटीकडे जायचे आणि ती ते पदरात गुंडाळून बसायची. मग हळूहळू चिमी अर्धी वाटी टाकून खेळायला पळू लागली. वाटी परत भरणार हे तिला कळलं असावं. दुकानात मास्टर दुपारी एकच सदरा शिवू लागले आणि गिऱ्हाइकांना उशीर होतो म्हणून शिव्या खाऊ लागले. चिमी रडायची, कात्रीकडे धावायची, पायट्यावर बसायची. ते मशीन थांबवून तिला उचलत. तिचं वजन त्यांना दर खेपेला कळत असे.

बायको त्यांच्याशी बोलत होती, वाढत होती, भाजी काय आणायची ते सांगत होती. फक्त पुढच्या महिन्यात तिने चिमीसाठी बाजारातून तीन तयार फ्रॉक आणले. मागे मानेशी छापील माप असलेली चिठ्ठी शिवलेली होती. ती चिठ्ठी तिने काढली नाही. मास्टरांनी ते फ्रॉक वाळत घातलेले पाहिले. शिलाई वाकडी होती, आत दाब अजिबात सोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चिमी त्यातलाच एक घालून दुकानात बसली होती. बटणवाला बटणांचं पाकीट द्यायला आला आणि दारातच थबकला.

"हे काय, मास्टर? शिंप्याच्या पोरीला तयार कपडे? एवढं काम वाढलं?"

"काम कमी झालंय."

"मग?"

मशीनवर एका गिऱ्हाइकाची बाही होती. दुसरं एक गिऱ्हाईक तिथेच उभं होतं, माप द्यायला. मास्टरांनी पाय थांबवला.

"हिच्या आईचा माझ्या मापावर विश्वास राहिला नाही," ते म्हणाले.

"थट्टा करता का? तुमच्या मापावर?"

"बरोबर आहे तिचं," मास्टर म्हणाले. गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं नव्हतं; या वेळी खोटं माप मास्टरांचंच होतं, आणि त्याच्याकडे वर बघायला त्यांना बराच वेळ लागला.